आमच्या घरातल्या लाइनी

लग्न होऊन मी उमरग्यात आले, त्या पहिल्याच आठवड्यातली एक सकाळ. मी चहा गाळत होते. थोरले दीर दारात उभे राहून मोबाइलवर ओरडत होते, "लाइन बंद केली का? नक्की केली? मग चढू का वर?" नवरा बूट घालता घालता आईला सांगत होता, "आज हैदराबाद लाइनला चाललोय, परवा येतो." आणि सासरे ओट्यावर बसून दोरीच्या गुंडाळीतला गुंता सोडवत तणतणत होते, "माझ्या लाइनला कुणी हात लावला? कितीदा सांगायचं, लाइनला हात लावायचा न्हाय म्हणून!"

मला वाटलं, घरात कशावरून तरी मोठं भांडण पेटलंय आणि नव्या सुनेला कुणी काही सांगत नाहीये. मी ट्रे घेऊन दारातच थांबले. सासूबाई म्हणाल्या, "दे गं चहा. ह्यांचं रोजचंच हाय."

हळूहळू उलगडा झाला. दीर वीज कंपनीत लाइनमन. त्यांची लाइन म्हणजे खांबावरची तार, आणि चढायच्या आधी ती मेलेली असली पाहिजे. नवऱ्याचा ट्रक. त्याची लाइन म्हणजे रस्ता. सोलापूर लाइन, हैदराबाद लाइन. "गडी लाइनवर हाय" म्हटलं की तो घरी जेवायला नाही, एवढं समजायचं. सासरे गवंडी. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो. त्यांची लाइन म्हणजे बांधकामाची दोरी, जी ताणून भिंतीचा थर सरळ धरतात. आणि मी हायवेलगतच्या एका दवाखान्यात नर्स. माझी लाइन म्हणजे पेशंटच्या शिरेत सोडलेली नळी, जिच्यातून सलाइन आणि इंजेक्शनं जातात.

माझ्या लाइनीनं पुढच्याच महिन्यात घरात गोंधळ घातला. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यातल्या नव्या मुलीचा फोन आला. तिला एका आजोबांच्या हाताची शीर सापडत नव्हती. मी जेवणाच्या ताटावरून बोलत होते. "लाइन मिळेना का? दुसऱ्या हाताला बघ. आणि पहिली लाइन ब्लॉक झाली असेल तर काढून टाक, ओढाताण करू नको." फोन ठेवला तर दीर घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. "कुठल्या फीडरची वीज गेली?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "न्हाय, घाटात ट्रक उलटला असल." सासऱ्यांनी काहीच विचारलं नाही. नंतर सासूबाईंकडून कळलं, की आपली सून साइटवर पण जाते का, असं त्यांनी हळूच विचारलं होतं.

मी मूळची तेरची. आमच्याकडे हा शब्द एवढा माजलेला नव्हता. शाळेत लाइनीत उभं राहायचं, वहीच्या लाइनीवर लिहायचं, आणि कॉलेजातली पोरं बस स्टँडवर उभी राहून लाइन मारायची, तिकडं बघायचं नाही. एवढ्या तीन लाइनींत माझं लहानपण आणि कुमारपण बसलं. मला बघायला सोयरे आले तेव्हा चौथी कळली. माझ्या मामानं विचारलं, "पोरगा कुठल्या लाइनला हाय?" उत्तर आलं, "हैदराबाद." मामाला धंदा विचारायचा होता. पण उत्तर बरोबरच होतं, असं आता वाटतं.

पुढं मी मोजायलाच लागले. शेतात लाइन म्हणजे जमिनीखालचा पाइप, आणि "लाइन फुटली" म्हटलं की अख्खी भावकी कुदळी घेऊन पळते. शिंपिणीकडे ब्लाउजच्या आतलं अस्तर. फोनवर "लाइनवर राहा" म्हटलं की नुसतं गाणं ऐकत बसायचं. दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, पहिल्या लाइनचं औषध लागू पडलं नाही, आता दुसऱ्या लाइनचं देऊ. तेव्हा पेशंटची बायको मला बाजूला घेऊन विचारते, "सिस्टर, दुसऱ्या लाइनचं म्हंजी हलकं का भारी?" ह्या शब्दाला अंगच नाही, तो ज्याच्या घरी जाईल त्याचे कपडे घालतो.

सासूबाईंना मी एकदा म्हटलं, "मामी, घरात सगळ्यांची एकेक लाइन आहे, तुमचीच नाही." त्या म्हणाल्या, "व्हय की. तुमच्या लाइनी तुमाला लखलाभ. मी आपली रेशनच्या लाइनीत उभी राहते आन् वर्षातून एकदा सोनारीला भैरोबाच्या दर्शनाच्या लाइनीत. दोन्हीकडं मागचा ढकलतो अन् पुढचा हलत न्हाय." हे म्हणून त्यांनी सासऱ्यांची भाकरी बांधायला घेतली. फडक्यावर दोन भाकरी, मध्ये शेंगांची चटणी, वर कांदा. चारी टोकं उचलून त्यांनी गाठ मारली आणि जरा ओढून बघितली.

एका संध्याकाळी सगळे घरी होते, तेव्हा चांगली लाइन कुठली यावर चर्चा जुंपली. दीर म्हणाले, बंद असलेली. नवरा म्हणाला, खड्डे नसलेली. सासरे म्हणाले, सरळ असलेली, यात इचारायचं काय? मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आमच्याकडे मशीनवर लाइन सरळ झाली की माणूस गेला. आमची लाइन वरखाली नाचत राहिली पाहिजे." सासऱ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "सरळ लाइन वाईट? असलं कसलं गं काम तुमचं?" त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

वाटणारच. या माणसानं सगळा जन्म दोरी सरळ धरण्यात घातला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात नवी घरं उठायला लागली, तेव्हा ते बिगारी म्हणून गेले आणि मिस्त्री होऊन आले. दगडामातीची जुनी घरं कशी पडली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून काटकोनाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत. घर बांधायच्या आधी जमिनीवर खुंट्या ठोकून दोरी ताणतात आणि दोरीखाली चुन्याची फक्की टाकून पायाची आखणी करतात, त्याला लाइनआउट म्हणतात. तालुक्यात कितीतरी लोक लाइनआउटला त्यांनाच बोलावतात, मग पुढचं काम दुसरा कुणीही करो. त्यांचा एक नियम आहे. दोरी एकदा ताणली की खणायला सुरुवात होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही आणि ती ओलांडायचीही नाही. वळसा घालून जायचं. गावातले आमदारकीच्या तयारीतले एक पुढारीसुद्धा स्वतःच्या प्लॉटला वळसा घालून गेलेले मी पाहिलेत.

असा माणूस तीस वर्षं भाड्याच्या घरात राहिला. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून गावाच्या कडेला एक छोटा प्लॉट घेतला. चोवीस बाय अठराचं घर. सासऱ्यांनी आकडेच असे काढले होते, की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप बरोबर तीस फूट यावं. "दोन्ही तिरकी मापं तीस आली की घर काटकोनात. मग खुशाल झोपायचं," असं ते आम्हाला चार महिने सांगत होते. लाइनआउट अर्थातच ते स्वतः करणार होते.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. सासरे चहाचा कप ठेवताना आधी बोटानं टेबलाची कड शोधायचे. उन्हातून येताना दारात थांबायचे. समोरून येणाऱ्याला आवाज ऐकल्याशिवाय हाक मारायचे नाहीत. एकदा बॅटरी मारून बघितलं तर दोन्ही बुबुळांमागं दुधाळ. मोतीबिंदू. मी म्हटलं, "मामा, अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं." ते म्हणाले, "मला दिसतंय की." त्यांच्या जोडीच्या एका सुतारानं ऑपरेशननंतर आठव्या दिवशी रंधा हातात घेतला होता. भुसा उडाला आणि डोळा बिघडला. तेव्हापासून यांनी धसका घेतला होता. "डोळा हीच माझी भाकरी हाय," म्हणायचे. सासूबाईंनी मला डोळ्यांनी दटावलं आणि तो विषय तिथंच मिटला.

लाइनआउटची सकाळ उजाडली. ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ फोडला. सासऱ्यांनी नवं धोतर नेसलं होतं. खुंट्या त्यांनीच तासल्या होत्या, दोरी नवी होती. समोरून कोवळं ऊन थेट डोळ्यांत येत होतं, आणि मोतीबिंदूवाल्याला तेच उजेडाचं धुकं सगळ्यात वाईट. ते टेप हातभर लांब धरत होते, मग जवळ आणत होते, मग उन्हाकडे पाठ करत होते. मुलांना टेपचं एक टोक धरू दिलं, पण आकडा वाचू दिला नाही. चार खुंट्या ठोकल्या, चारी गाठी स्वतः मारल्या, दोरीला टिचकी मारून तिचा आवाज ऐकला. तिरकं माप घ्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "बघायची गरज न्हाय. हात सांगतोय." मिस्त्री झाल्यापासून पहिल्यांदा ते असं म्हणाले असतील. मग जेवायला आणि आडवं व्हायला घरी गेले. फक्की टाकायला अन् खणायला माणसं दुसऱ्या दिवशी यायची होती.

दीर मागं रेंगाळले. त्यांना मीटर कुठल्या भिंतीला बसवायचा ते बघायचं होतं. सहज म्हणून त्यांनी नवऱ्याला टेपचं टोक धरायला लावलं आणि दोन्ही तिरकी मापं घेतली. पुन्हा घेतली. मग मला हाक मारली, "जरा तुमी वाचा." मी वाचलं. एक माप तीस फुटांच्या वर, दुसरं खाली. दोन्हीत नऊ इंचांचा फरक.

आम्ही तिघं त्या टेपकडे बघत उभे राहिलो. एवढ्यात सासूबाई किटलीतून चहा घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांना कुणी काय बोलायचं न्हाय. तोंडावर बोललात तर ते थापी टाकून देतील. परत उचलायचे न्हाईत." नवरा म्हणाला, "आन् वाकडं घर बांधायचं व्हय?" मी म्हटलं, सांगून टाकू. मला तिघांनीही गप्प बसवलं. शेवटी ठरलं, की गुपचूप दोन खुंट्या अर्धा फूट सरकवायच्या, दोरी परत ताणायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. दोरीला हात लावायचा नाही हा नियम होता. तो आम्ही चौघांनी भर दुपारी मोडला. खुंट्या सरकल्यावर दोरी सगळीकडून सैल पडली, म्हणून चारी गाठी सोडून पुन्हा मारायच्या होत्या. ऊन तापलं होतं, प्रत्येकानं एकेक कोपरा धरला. एकाच वेळी चौघांनी ओढली, तेव्हा दोरी छान ताणली गेली. तिरकी मापं घेतली. तीस आणि तीस. नवऱ्यानं मला टाळी दिली. आम्ही स्वतःवर इतके खूश होतो, की येताना रस्त्यावर भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे सगळ्यांच्या आधी प्लॉटवर पोचले. आम्ही मागोमाग गेलो. खणणारे अजून यायचे होते. सासरे दोरीच्या बाहेरून, एक बोट दोरीवर ठेवून, सावकाश चालत होते. पहिल्या खुंटीपाशी थांबले. खाली बसले. गाठीवरून अंगठा फिरवला. दुसऱ्या खुंटीपाशी गेले. तिथंही तसंच. मग तिसऱ्या. दोरी जागेवर होती, आकडे बरोबर होते, पण गाठींचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

ते परत पहिल्या खुंटीपाशी आले. "ही थोरल्याची," म्हणाले. "खांबावर तार बांधत्यात तशी. दोन येढे जास्त." दीर खाली बघायला लागले. "ही धाकट्याची. ट्रकावर ताडपत्री आवळायची गाठ. एका झटक्यात सुटती." तिसऱ्या खुंटीपाशी गेले. "ही बारकी, दोन्हीकडून सारखी. ही दवाखान्यातली." ती माझी होती. जखम शिवल्यावर दोरा बांधतात तशीच मी मारली होती. हातांना दुसरी येतच नाही.

चौथ्या खुंटीपाशी ते जरा जास्त वेळ बसले. मग त्यांनी मान वर केली आणि सासूबाई जिथं उभ्या होत्या त्या दिशेला तोंड केलं. "आन् ही तर म्या रोज दुपारी सोडतो," ते म्हणाले. "चाळीस वर्सं भाकरीच्या फडक्यावर हीच गाठ. तू बी?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतात की हसतात ते मला कळेना. मला स्वतःलाही दोन्ही येत होतं. चोराला पकडावं तसं पकडलं होतं आम्हाला, आणि पकडणाऱ्याला धड दिसत नव्हतं.

सासरे विटांच्या ढिगावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "किती चुकलं व्हतं?" नवरा खोकला. दीर म्हणाले, "काय न्हाय आण्णा, थोडंसंच." सासरे म्हणाले, "थोडं म्हंजी किती?" दीर नवऱ्याकडे बघायला लागले. मग मला माझाच राग आला. दवाखान्यात मी रोज लोकांना साखर किती, ताप किती, आशा किती, ते तोंडावर सांगते. घरात येऊन माझी जीभ का लुळी पडते?

"नऊ इंच, मामा," मी म्हटलं. "तिरक्या मापात. उगवतीची बाजू सरकली होती."

"नऊ," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला वाटलं होतं त्याहून वेगळंच निघालं. त्यांना स्वतःच्या अपमानाचं पडलं नव्हतं. ते म्हणाले, "मागल्या वर्षात म्या आजून दोन घरांची लाइन मारली. त्यांचं काय झालं असल?"

खणणाऱ्यांना परत पाठवलं. मी स्कूटीवर सासऱ्यांना मागं बसवलं, टेप पर्समध्ये टाकला आणि आम्ही त्या दोन घरांची मापं घ्यायला निघालो. पहिल्या घरी चहा पिता पिता मी हॉलचं तिरकं माप घेतलं. एक सूत इकडंतिकडं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंड्यांचं सगळ्यात बारीक माप. सासऱ्यांनी आणखी एक कप चहा मागून घेतला. दुसऱ्या घरी मात्र दीड इंच निघाला. मी टेप गुंडाळून पर्समध्ये घालणार, तोच ते घरमालकाला म्हणाले, "तुमची खोली दीड इंच वाकडी हाय. चूक माझी हाय. डोळ्यात मोती आलाय, तरी म्या कुणाला सांगितलं न्हाय." घरमालकानं एकदा भिंतीकडे आणि एकदा आपल्या बायकोकडे बघितलं. "मिस्त्री, तरीच म्हणतो, कपाट भिंतीला लागत का न्हाय. मी ह्या बाईवर ओरडत होतो, की तुला धड ढकलता येत नाही म्हणून." ती बाई लगेच म्हणाली, "बघा! आता वर्षभराचं ओरडणं परत घ्या." आम्हाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना हायवेच्या कडेला सासऱ्यांनी स्कूटी थांबवायला लावली. म्हणाले, "सोलापूरला घेऊन चल. पण एक सांगतो. माझा डोळा नीट होईस्तवर घराची एक पाटी माती उचलायची न्हाय. आन् सुईची लाइन तू लावायची. दुसऱ्या कुणाचा हात नको."

सोलापूरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी तिथल्या सिस्टरांना विनवण्या केल्या. त्या हसल्या आणि बाजूला झाल्या. गवंड्याचा हात. चामडी सिमेंटनं राठ झालेली, वरून एकही शीर दिसत नव्हती. मी पट्टा आवळला आणि बोटाचं टोक फिरवून चाचपायला लागले. सासरे माझ्या चेहऱ्याकडे तोंड करून होते. "तू बी न बघताच काम करतीस की," म्हणाले.

"शोधताना बोटानं, मामा. सुई घालताना मात्र बघावंच लागतं."

पहिल्याच टोचणीत लाइन मिळाली. मला तेव्हा जेवढा आनंद झाला, तेवढा परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे बराच वेळ. "तू म्हातारी कधी झालीस गं?" त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुमी बघत न्हवता तवा." अख्खा वॉर्ड हसला.

पुढचा दीड महिना आमच्या घराची कसोटीच होती. थेंब वेळेवर घालायचे, डोळ्यावर काळा चष्मा, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. त्यांनी थापी मागितली तरी द्यायची नाही, म्हणून सासूबाईंनी ती धान्याच्या कणगीत पुरून ठेवली होती. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यांनी त्यानंतर तक्रार न करता उरकून घेतलं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी स्वतःच नवी दोरी आणली.

पुन्हा लाइनआउट. पुन्हा नारळ. ह्या वेळी त्यांनी टेपवरचा प्रत्येक आकडा डोळ्यांजवळ न नेता वाचला आणि मोठ्यानं म्हणून दाखवला. खुंट्या ठोकल्या, गाठी मारल्या. आम्ही चौघं दोरीच्या बाहेर शहाण्यासारखे उभे होतो. मग तिरकं माप घ्यायची वेळ आली, आणि त्यांनी टेपचं शून्याचं टोक स्वतःच्या खुंटीवर धरून डबी माझ्याकडे दिली. "तू त्या कोपऱ्यावर जा. वाच."

पहिलं माप तीस. मग आम्ही दोघांनी कोपरे बदलले, मी टेप ताणला, वाकून बघितलं. तीस फूट आणि दोन सूत. पाव इंच. अख्ख्या तालुक्यात एवढा फरक कुणी मोजत नाही. सासूबाई पलीकडून मान हलवून मला खुणावत होत्या, सांगू नको. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले होते. एवढे महिने थेंब, चष्मा, वाट बघणं, आणि म्हाताऱ्याचा पहिला दिवस. तीस म्हटलं असतं तर सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते.

"तीस अन् दोन सूत, मामा."

सासरे उठले, माझ्या कोपऱ्यावर आले, हातोडीनं खुंटीच्या डोक्याला बाहेरून दोन हलक्या टिचक्या मारल्या आणि परत जाऊन टेपचं टोक धरलं. "आता?"

मी बघितलं. "तीस."

"खरं?"

"खरं, मामा."

दोरीला वळसा घालून परत इकडे येणं त्यांना अवघड नव्हतं, आणि डोळे आता दोन्ही नवे होते. पण ते बघायला आले नाहीत. त्यांनी टेप सोडून दिला, धोतर झटकलं आणि वाट बघत बसलेल्या खणणाऱ्यांना हाक मारली, "चला रं, सूनबाईनं सांगितलंय. घ्या खणायला."